प्रचार धन्याचा, उमेदवारी धनिणीची

निवडणुकीच्या प्रचाराचे शेवटचे दोन-तीन दिवस उरले की गावात कशी धांदल उडते, हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. एका गाडीचा भोंगा वेशीबाहेर जातो न जातो तोच दुसरीचा आत येतो. पारावर सतरंजी अंथरली जाते, शाळेच्या पटांगणात खुर्च्या मांडल्या जातात आणि पाच वर्षांत ज्यांचे दर्शन झाले नाही ते हात जोडून दारात उभे राहतात. या शेवटच्या दिवसांत मोठे नेते गावेच्या गावे पिंजून काढतात. पण त्यातला एखादा नेता स्वतःसाठी नव्हे, पक्षातल्या सहकाऱ्यासाठीही नव्हे, तर आपल्या धर्मपत्नीसाठी मत मागू लागला, तर ऐकणाऱ्याने ते कसे ऐकावे? आज आपण त्याविषयी बोलू. विषय पुढाऱ्यांचा वाटेल, पण तो तुमच्या-आमच्या ओसरीपर्यंत येतो.

भोकरची गोष्ट

उदाहरण दूरचे शोधायला नको. आपल्या नांदेड जिल्ह्यातलेच आहे आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलेले आहे.

डिसेंबर २००८ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या बाभळगावचे विलासराव देशमुख मुख्यमंत्रिपदावरून पायउतार झाले आणि त्यांच्या जागी नांदेडचे अशोकराव चव्हाण आले. लातूरची खुर्ची नांदेडला आली, असे तेव्हा आपल्याकडे कौतुकाने म्हटले गेले. अशोकरावांचे वडील शंकरराव चव्हाण दोनदा मुख्यमंत्री झाले होते, त्यामुळे हे घराणे मराठवाड्याला नवे नव्हते. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत अशोकराव भोकर मतदारसंघातून एक लाखाहून अधिक मतांच्या फरकाने निवडून आले. पुढे आदर्श गृहनिर्माण संस्थेचे प्रकरण गाजले आणि नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले.

मे २०१४ मध्ये ते नांदेडमधून लोकसभेवर गेले. देशभर काँग्रेसची वाताहत झाली असताना महाराष्ट्रात तिच्या वाट्याला फक्त दोन जागा आल्या, नांदेड आणि हिंगोली. दोन्ही आपल्या मराठवाड्यातल्या. नांदेडचे मताधिक्य ८१ हजारांवर होते. अशोकराव दिल्लीला गेले आणि भोकरची आमदारकी मोकळी झाली. ऑक्टोबरच्या विधानसभा निवडणुकीत तिथे काँग्रेसची उमेदवारी मिळाली त्यांच्या पत्नी अमिता चव्हाण यांना.

ते दिवस आठवा. पावसाने ओढ दिली होती, सोयाबीनचा उतारा घटला होता. २५ सप्टेंबरला एकाच दिवशी शिवसेना-भाजपची युती आणि काँग्रेस-राष्ट्रवादीची आघाडी, दोन्ही मोडल्या आणि राज्यभर जो तो स्वतंत्र लढू लागला. ३ ऑक्टोबरला दसरा झाला. लोक शेतात काढणीला आणि वेचणीला असताना प्रचाराला उरले जेमतेम दहा दिवस. १३ ऑक्टोबरच्या संध्याकाळी भोंगे बंद झाले, १५ ला मतदान झाले आणि १९ ला मोजणी. काँग्रेसला २८८ पैकी ४२ जागा मिळाल्या, त्यात भोकर होते. अमिता चव्हाण यांनी भाजपच्या डॉ. माधवराव किन्हाळकरांना सुमारे ४७ हजार मतांनी हरवले. त्या विधानसभेत निवडून आलेल्या महिला होत्या अवघ्या २०.

पाच वर्षांनी काय झाले? २०१९ च्या लोकसभेला अशोकराव प्रतापराव पाटील चिखलीकरांकडून सुमारे ४० हजार मतांनी पडले. त्याच वर्षी विधानसभेला भोकरमधून ते स्वतः उभे राहिले आणि मोठ्या फरकाने निवडून आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी काँग्रेस सोडून भाजपमध्ये प्रवेश केला, राज्यसभेवर गेले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये भोकरच्या आमदार झाल्या त्यांच्या कन्या श्रीजया. म्हणजे २००९ ला पती, २०१४ ला पत्नी, २०१९ ला पुन्हा पती आणि २०२४ ला लेक. पक्ष बदलला, चिन्ह बदलले, घर मात्र तेच राहिले.

यात बेकायदा काही नाही. चारही वेळा लोकांनी मत देऊनच निवडून दिले. अमिताताईंनी आमदार म्हणून पाच वर्षांत किती काम केले, याचा हिशेब भोकर, मुदखेड आणि अर्धापूरच्या लोकांना माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. तो त्यांनी मांडावा. आपण पाहायचे ते एवढेच, की अशा वेळी मत कोणाला दिले जाते? बाईंना, की बाईंच्या धन्याला?

सातबाऱ्यावरचे नाव

हा प्रश्न शेतकऱ्याला लवकर उमजेल, म्हणून शेतातलेच उदाहरण घेतो. १९८६ च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेने शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन भरवले. पुढे शरद जोशींनी ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम काढला. घरच्या लक्ष्मीच्या नावावर थोडी तरी जमीन करून द्या, असे त्यांनी शेतकऱ्यांना सांगितले. अनेक गावांनी ते मनावर घेतले. पेरणी, खुरपणी, वेचणी, गुराढोरांचे शेण-पाणी हे सगळे जिने केले, तिचे नाव सातबाऱ्यावर चढले. ही गोष्ट लहान नव्हती.

पण तुम्हीच सांगा, नाव चढले म्हणून कारभार आला का? बँकेत पीककर्जाच्या कागदावर सही तिची, पैसे मोजून घेतो तो. आडतीवर माल जातो तिच्या नावे, पट्टी येते त्याच्या खिशात. काही घरांत मात्र असेही झाले, की नावापाठोपाठ हक्क आला. यंदा कापूस लावायचा की तूर, हे बाई सांगू लागली. मुलीच्या लग्नासाठी एकर विकायचा विषय निघाला तेव्हा ‘माझी सही मिळणार नाही’ असे म्हणू शकली. नाव तेच, सातबारा तोच. फरक पडला तो कारभार कोणाच्या हाती आला याने.

आमदारकीचे आणि सरपंचकीचेही तसेच असते. नवऱ्याने बायकोसाठी मत मागितले म्हणून नाक मुरडू नये. जन्मभर जिने त्याच्या निवडणुकीत चुलीवरची पातेली उतरू दिली नाहीत, कार्यकर्त्यांना जेवू घातले, हळदी-कुंकवाला घरोघर फिरली, तिच्यासाठी त्याने चार सभा घेतल्या तर बिघडले काय? ती फेड झाली. प्रश्न निवडणुकीनंतरचा आहे. निकालाच्या दुसऱ्या दिवशी गाऱ्हाणे घेऊन माणूस वाड्यावर गेला, तर त्याने कोणाच्या खोलीत जायचे?

एक बारीक गोष्ट ध्यानात घ्या. नवरा प्रचाराला निघाला की उमेदवार बाई सगळ्यांची ‘वहिनी’ होते. शब्द गोड आहे, मायेचा आहे. पण वहिनी कोणाची? भाऊंची. म्हणजे नाते भाऊंशी, आणि वहिनींशी त्यांच्यामार्फत. आणि ज्या बाया स्वतःच्या पायावर राजकारणात आल्या, त्यांना लोक काय म्हणाले पाहा. बीडच्या केशरबाई क्षीरसागर राजुरीच्या सरपंचपदापासून चढत चढत तीनदा खासदार झाल्या. त्या सगळ्या जिल्ह्याच्या ‘काकू’ होत्या. सूर्यकांता पाटील १९९१ ला नांदेडच्या खासदार झाल्या, पुढे हिंगोलीच्या झाल्या आणि २००४ ते २००९ केंद्रात ग्रामविकासाच्या राज्यमंत्री होत्या. त्यांची ओळख सांगताना कोणाला त्यांच्या यजमानांचे नाव घ्यावे लागले नाही.

घरातूनही वेगळे पाणी निघते

म्हणून नवऱ्याच्या बोटाला धरून आलेली प्रत्येक बाई सावलीच राहते, असेही समजू नका. सांगलीचे वसंतदादा पाटील १९८३ मध्ये पुन्हा मुख्यमंत्री झाले, तेव्हा त्यांची लोकसभेची जागा रिकामी झाली आणि पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी शालिनीताई तिथून निवडून आल्या. पण त्याआधीच त्या अंतुल्यांच्या मंत्रिमंडळात महसूलमंत्री होऊन गेल्या होत्या, आणि दादांच्या पश्चातही कोरेगावातून आमदार झाल्या. पटो न पटो, मत त्यांचे स्वतःचे असे. ते बोलून दाखवायला त्यांनी कोणाची परवानगी घेतली नाही.

साता समुद्रापलीकडे अर्जेंटिना नावाचा गव्हाचा आणि सोयाबीनचा मोठा देश आहे. तिथे नेस्तोर किर्चनर २००३ ते २००७ राष्ट्राध्यक्ष होते. दुसऱ्यांदा ते स्वतः उभे राहिले नाहीत. पत्नी क्रिस्तिना उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. लोक म्हणाले, खुर्ची घरातल्या घरात फिरली. पण २०१० मध्ये नेस्तोर वारले आणि २०११ च्या निवडणुकीत मत मागायला नवरा नसताना बाई पुन्हा निवडून आल्या. पहिले मत कदाचित नवऱ्याच्या शब्दावर पडले असेल, दुसरे मात्र त्यांचे त्यांनी मिळवले.

लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याची गोष्ट तर याहून निराळी. शिवाजीराव पाटील निलंगेकर १९८५-८६ मध्ये मुख्यमंत्री होते, जन्माचे काँग्रेसवाले. २००४ मध्ये त्यांच्या सूनबाई रूपाताई भाजपकडून लातूर लोकसभेला उभ्या राहिल्या आणि सलग सात वेळा निवडून आलेल्या शिवराज पाटील चाकूरकरांना त्यांनी हरवले. त्याच वर्षी विधानसभेला निलंग्यात आजोबांसमोर नातू संभाजीराव उभे राहिले आणि नातू जिंकले. २००९ ला आजोबांनी जागा परत घेतली. एका वाड्यात दोन झेंडे! तेव्हा निलंग्याच्या मतदाराला ‘घराण्याला मत दिले’ एवढे म्हणून सुटका नव्हती. कोणत्या निलंगेकराला, कशासाठी, हे त्याला स्वतःच ठरवावे लागले. मला वाटते, तो चांगला सराव झाला.

शब्द चालतो, पण नेहमी नाही

पुष्कळांना वाटते, मोठ्या माणसाने शेवटच्या दिवशी सभा घेतली की काम फत्ते. अनुभव तसा नाही. अमेरिकेत बिल क्लिंटन आठ वर्षे राष्ट्राध्यक्ष होते. २०१६ मध्ये त्यांच्या पत्नी हिलरी त्याच पदासाठी उभ्या राहिल्या. मतदानाच्या आदल्या रात्री फिलाडेल्फिया शहरात मोठी सभा झाली. नवरा मंचावर, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ओबामाही मंचावर. देशभरात हिलरींना प्रतिस्पर्ध्यापेक्षा सुमारे २९ लाख मते जास्त मिळाली, पण तिथला निकाल राज्यवार लागतो. ज्या राज्यात ती सभा झाली ते राज्यही गेले आणि निवडणूकही गेली.

आपल्याकडचे पाहा. २०२४ च्या लोकसभेला बारामतीत तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार पत्नी सुनेत्रा पवार यांच्यासाठी गावोगाव फिरले. समोर बहीण सुप्रिया सुळे. निकाल दीड लाखाहून अधिक मतांनी बहिणीच्या बाजूने लागला. पत्नीला बहिणीसमोर उभे करायला नको होते, असे पुढे त्यांनीच जाहीरपणे सांगितले. त्याच निवडणुकीत नांदेडला अशोकराव भाजपच्या बाजूने प्रचारात होते, तरी लोकांनी काँग्रेसचे वसंतराव चव्हाण निवडून दिले. दुर्दैवाने ऑगस्टमध्ये वसंतराव वारले. नोव्हेंबरच्या पोटनिवडणुकीत त्यांचे चिरंजीव रवींद्र अवघ्या १,४५७ मतांनी जिंकले. एवढी मते आपल्याकडच्या एखाद-दुसऱ्या गावात असतात. माझ्या एका मताने काय होते, असे म्हणून शेतात निघून जाणाऱ्याने हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

तर नेत्याचा शब्द ऐकावा जरूर. पण शब्द हे बियाणे आहे. पेरणी तुमच्या रानात व्हायची आहे, तेव्हा पिशवी उलटून पाहणे तुमचे काम.

भोंगे बंद झाल्यावर

ते कसे पाहायचे, हेही सांगतो. मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास जाहीर सभा आणि मिरवणूक यांना कायद्याने बंदी असते. जे त्या मतदारसंघाचे मतदार नाहीत अशा बाहेरच्या पुढाऱ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी तेव्हा मतदारसंघ सोडायचा असतो. हे दोन दिवस तुमचे आहेत. ते कोंबडी-दारूच्या वाटपासाठी ठेवलेले नाहीत, विचारासाठी ठेवलेले आहेत.

उमेदवाराला अर्जासोबत शपथपत्र द्यावे लागते. स्वतःची मालमत्ता, पती किंवा पत्नीची मालमत्ता, कर्ज, खटले आणि शिक्षण हे सगळे त्यात असते. २००३ पासून हा नियम आहे. निवडणूक कार्यालयाच्या फलकावर ते लावतात आणि आता फोनवरही पाहता येते. पती-पत्नींचे आकडे तिथे शेजारीशेजारी असतात. शाळेत जाणाऱ्या नातीला बसवा आणि मोठ्याने वाचून घ्या. घराचा कारभार कोणाच्या नावे किती, हे भाषणापेक्षा त्या कागदावर जास्त कळते.

खर्चालाही मर्यादा आहे. विधानसभेला २०१४ मध्ये ती २८ लाख रुपये होती, २०२२ पासून ४० लाख झाली. पक्षाच्या मुख्य प्रचारकाचा प्रवासखर्च उमेदवाराच्या नावे धरत नाहीत, पण तो आणि उमेदवार एका मंचावर बसले तर सभेचा खर्च उमेदवाराच्या हिशेबात येतो. पत्रकावर छापणाऱ्याचे आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता असलेच पाहिजे. नसेल तर ते पत्रक निनावी चिठ्ठीच्या लायकीचे समजा.

आणि सर्वांत सोपी तपासणी म्हणजे प्रश्न विचारणे. सभा संपताना धन्याला नमस्कार करा आणि प्रश्न धनिणीला विचारा. आमच्या तळ्याच्या कालव्याला पाणी का येत नाही? पीकविम्याची रक्कम कुठे अडली? मुलींच्या शाळेची बस कोण सुरू करणार? उत्तर कोण देते ते पाहा. बाई म्हणाली, ‘मला माहीत नाही, माहिती घेऊन सांगते,’ तरी चालेल. ते प्रामाणिक उत्तर आहे. पण तिने तोंड उघडण्याआधी माईक धन्याच्या हातात गेला, तर पुढच्या पाच वर्षांचे चित्र तुम्हाला तिथेच दिसले.

आता आपल्या ओसरीवर

मघाशी म्हटले होते, विषय आपल्या ओसरीपर्यंत येतो. महाराष्ट्रात २०११ पासून ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायांसाठी राखीव आहेत. तुमच्या गावात सरपंच बाई असेल, किंवा झालेली असेल. ग्रामसभेत खुर्चीवर कोण बसते? ग्रामसेवक वही कोणापुढे धरतो? सही करायला वही घरी जाते का? ‘सरपंचपती’ हा शब्द कोणत्याही कायद्यात नाही, तो आपण तयार केला. मुख्यमंत्र्यांच्या घराण्याकडे बोट दाखवताना उरलेली बोटे आपल्याकडे वळलेली असतात.

पुढचा काळही असाच येणार आहे. २०२३ मध्ये संसदेने लोकसभेत आणि विधानसभेत बायांसाठी एक तृतीयांश जागा राखण्याचा कायदा केला. जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर तो लागू करण्याची तरतूद त्यात ठेवली. ज्या दिवशी तो लागू होईल त्या दिवशी कितीतरी मातब्बर पुढाऱ्यांच्या जागा राखीव होतील, आणि शेवटच्या सभेत ‘वहिनींना’ निवडून द्या म्हणणारे भाऊ गावोगाव दिसतील. तेव्हा गोंधळू नये म्हणून हा खटाटोप.

वहिनींनो आणि मायबहिणींनो, तुम्हाला वेगळे सांगतो. घरात कारभारी सांगतील ते जरूर ऐका, चर्चा करा, हवे तर वाद घाला. पण मतदान यंत्रापुढच्या त्या आडोशात तुमच्यासोबत कोणी येत नाही. बटण दाबल्यावर शेजारच्या यंत्रात काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते. ते चिन्ह तुम्ही ठरवलेलेच आहे ना, एवढे पाहा आणि बाहेर या. कोणाला दिले हे सांगायचे बंधन नाही. नवऱ्यालाही नाही.

आणि कारभाऱ्यांनो, उद्या तुमच्या घरची बाई सरपंचकीला उभी राहिली तर तिच्यासाठी दारोदार फिरा, उन्हातान्हात फिरा, लाजू नका. फक्त निकाल लागल्यावर ग्रामसभेच्या दिवशी तिला सोडायला जा आणि पहिल्या रांगेत नाही, मागे जाऊन बसा. तिला अडचण आली तर ती वळून पाहील. नाही पाहिले, तर समजा की तुमचा प्रचार सत्कारणी लागला.